राष्ट्रीय भूमी उपयोग धोरणाचा मसुदा : पेण-रोह्याच्या जमिनीवरून एक चिकित्सा

प्रस्तावना

केंद्र शासनाच्या ग्रामीण विकास मंत्रालयातील भूसंसाधन विभागाने जुलै २०१३ मध्ये राष्ट्रीय भूमी उपयोग धोरणाचा मसुदा चर्चेसाठी प्रसिद्ध केला. त्यापूर्वी १९८८ साली याच विषयाची एक रूपरेषा तयार झाली होती. ती रूपरेषा मार्गदर्शक तत्त्वांच्या पलीकडे गेली नाही आणि २०१३ च्या मसुद्यालाही अंतिम धोरणाचे रूप मिळाले नाही. जगाच्या भूक्षेत्रापैकी सुमारे २.४ टक्के क्षेत्र आणि लोकसंख्येचा सहावा हिस्सा असलेल्या देशाला आपली जमीन कशासाठी वापरायची याचे एकसंध धोरण नाही, ही बाब अभ्यासकांनी वारंवार मांडली आहे. धोरणाची आवश्यकता प्रस्तुत लेखकालाही मान्य आहे. परंतु धोरण हवे एवढे म्हणून भागत नाही. कोणते धोरण, कोणाला बांधणारे आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर देणारे, हे तपासण्यासाठी मसुदा एखाद्या प्रत्यक्ष भूभागावर ठेवून वाचावा लागतो. त्यासाठी येथे रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा हे दोन तालुके घेतले आहेत. मुंबई-गोवा महामार्गाने जोडलेल्या या तालुक्यांत खाडीकाठची खार जमीन, कालव्याखालची दुपिकी जमीन, डोंगरउतारावरील वरकस व दळी जमीन, रासायनिक व पोलाद उद्योग आणि महानगराची वाढती हद्द हे सारे एका दिवसाच्या प्रवासात पाहता येते.

जाता जाता एका योगायोगाची नोंद करावीशी वाटते. भूदान चळवळीचे प्रणेते विनोबा भावे यांचा जन्म १८९५ साली पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. जमीन कोणाची, हा प्रश्न त्यांनी १९५१ पासून देशभर पायी फिरून विचारला. जमीन कशासाठी, हा त्याच्या जोडीचा प्रश्न मात्र त्यांच्या जन्मतालुक्यातही अद्याप अनिर्णितच आहे.

मसुद्याची मांडणी आणि तिची मर्यादा

मसुद्याचा गाभा वर्गीकरणाचा आहे. देशाच्या भूमीचे प्रधान उपयोगानुसार विभाग पाडावेत, ग्रामीण व शेतीप्रधान, नागरी, औद्योगिक, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील, वारसा, आपत्तिप्रवण अशी व्यवस्थापन क्षेत्रे ठरवावीत आणि राज्यांनी त्यानुसार आपापली धोरणे व नियोजन करावे, अशी ही कल्पना आहे. शेतीखालील सुपीक जमिनीचे बिगरशेतीकडे होणारे रूपांतर रोखण्याचा हेतूही त्यात स्पष्ट आहे. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

अडचण आहे ती ‘संक्रमणाधीन क्षेत्रे’ या वर्गाची. शहरांच्या कडेचे आणि औद्योगिक पट्ट्यांलगतचे प्रदेश या वर्गात मोडतात. पेण आणि रोहा निःसंशय याच वर्गात पडतील. संक्रमण कोठून कोठे, हे मसुदा विचारत नाही. ते गृहीतच आहे. शेतजमीन हळूहळू नागरी वा औद्योगिक होणार, शासनाने ते रूपांतर शिस्तीत घडवावे, असा त्याचा अर्थ होतो. एकदा एखाद्या गावाच्या कपाळी हा शिक्का बसला की तेथील शेतीत कोणी गुंतवणूक करीत नाही. कालवा लांबतो, बांध दुरुस्त होत नाही, पीककर्जापेक्षा जमिनीच्या सौद्याची चर्चा अधिक होते. संक्रमणाचे भाकीत अशा रीतीने स्वतःच संक्रमण घडवून आणते. पेणच्या खारेपाटात हे कोणत्याही राष्ट्रीय धोरणावाचूनच घडून आले आहे. म्हणून तेथील अनुभव सविस्तर पाहणे उचित ठरेल.

खारेपाट : बांध टिकला तरच भात

पेण तालुक्याचा पश्चिम भाग धरमतर खाडी, अंबा व पाताळगंगा यांच्या मुखांशी आहे. वाशी, वढाव, काळेश्री, शिर्की, दादर, रावे इत्यादी गावांची भातजमीन भरतीच्या पातळीच्या आसपास आहे. पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध घालून, उघाड्या बसवून ती खाडीकडून मिळवली गेली. ओहोटीला पावसाचे पाणी उघाडीतून बाहेर सोडायचे, भरतीला दार मिटून खारे पाणी अडवायचे, पावसाळ्याच्या आरंभी मीठ धुऊन काढायचे आणि मग भात लावायचे, अशी ही शेती आहे. राता, भुरा राता यांसारख्या मीठ सोसणाऱ्या लाल भाताच्या जाती या पट्ट्याची देणगी आहेत. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने याच गरजेतून सुधारित वाण तयार केले.

येथे ‘भूमी उपयोग’ या संज्ञेचाच अर्थ वेगळा होतो. देशावरील जिरायत जमीन पाच वर्षे पडीक राहिली तरी ती जमीनच राहते. खारेपाटातील जमीन बांध टिकला तरच जमीन असते. उधाणात बांधाला खांड पडली आणि ती एक-दोन हंगामांत बुजवली गेली नाही, तर खारे पाणी आत ये-जा करू लागते, चिखल साचतो आणि काही वर्षांत तेथे कांदळवन उभे राहते. सातबाराच्या उताऱ्यावर भात असतो, शेतात तिवर असते.

ही जबाबदारी कोणाची? बांधबंदिस्ती पूर्वी खोत, शिलोत्रीदार व गावकी यांच्याकडे होती. १९४८ च्या मुंबई खार जमीन कायद्याने खार जमीन मंडळ आणले आणि १९७९ च्या महाराष्ट्र खार जमीन विकास कायद्याने पुढची व्यवस्था घातली. शासनाने हाती घेतलेल्या योजनांचे बांध व उघाड्या राखणे हे शासनाचे काम झाले. त्याबरोबर गावाने एकत्र येऊन खांड बुजवण्याची सवय मोडली, ती परत बसली नाही. खाडीतील बार्जच्या लाटांनी बांध झिजतात, अशी शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. कारण कोणतेही असो, दुरुस्तीचा निधी वेळेवर न येणे हे खारेपाटातील भूमी उपयोग बदलाचे सर्वांत प्रभावी साधन ठरले आहे. त्यासाठी कोणालाही बिगरशेती परवानगी मागावी लागली नाही.

या पडझडीनंतरचा कायद्याचा प्रवास अधिक बोलका आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आणि सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम आदेशाने कांदळवनांना संरक्षण दिले. किनारी परिसंस्थेच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने १९९१ पूर्वीचा बांध वा उघाडी ही भरतीरेषेची हद्द मानली, मात्र बांधाच्या आत खारे पाणी शिरून वाढलेले कांदळवनही सर्वाधिक संरक्षित वर्गात टाकले. दोन्ही निर्णय आपापल्या जागी समर्थनीय आहेत. परिणाम असा की बांध राखण्यात एका खात्याने केलेल्या हयगयीवर दुसऱ्या खात्याच्या नियमाने शिक्कामोर्तब केले. शेतकऱ्याची जमीन संपादित झाली नाही, तिचा मोबदला मिळाला नाही, ती विकली गेली नाही, पण आता ती कसता येत नाही. या स्थितीला भूमी उपयोग बदल म्हणण्याची आपल्या कोणत्याही कायद्यात तरतूद नाही. २०१३ च्या मसुद्यातही ती नाही, कारण मसुद्याच्या दृष्टीने उपयोग बदलतो तो कोणीतरी बदलल्यामुळे. दुर्लक्षाने बदललेला उपयोग त्याच्या नजरेत भरत नाही.

हेटवणे आणि महामुंबई सेझ

विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा २००५ साली संमत होऊन फेब्रुवारी २००६ मध्ये अमलात आला. त्यानंतर उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील ४५ गावांच्या जमिनीवर रिलायन्स समूहाच्या महामुंबई सेझचा प्रस्ताव आला आणि १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली नोटिसा निघाल्या. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या नेत्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या विरोधाचा इतिहास परिचित असल्याने त्याची पुनरावृत्ती येथे करीत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो विरोधाचा एक युक्तिवाद. पेण तालुक्यातील २२ गावे हेटवणे मध्यम पाटबंधारे प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात येतात. सार्वजनिक पैशाने ज्या जमिनीला पाणी देण्याचे ठरले ती जमीन सेझसाठी कशी घेता येईल, असा तो प्रश्न होता. याच २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी राज्य शासनाने खातेदारांचे मत अजमावले. मतदारांचा कौल संपादनाच्या विरोधात प्रचंड बहुमताने गेला. पुढे विहित मुदतीत निवाडे न झाल्याने संपादनाची कार्यवाही व्यपगत झाली. केंद्रानेही एप्रिल २००७ मध्ये सेझचे कमाल क्षेत्र ५,००० हेक्टरवर आणले होते आणि सेझसाठी राज्यांनी सक्तीने संपादन करू नये असे ठरवले होते.

हा विजय होता, यात शंका नाही. पण तो कशाच्या बळावर मिळाला हे पाहिले पाहिजे. २२ गावांना वेगळे काढता आले ते लाभक्षेत्र या कागदावरील नोंदीमुळे. प्रत्यक्षात भोगेश्वरी नदीवरील या धरणाचे पाणी सिडकोच्या जलवाहिनीने नवी मुंबईकडे गेले आणि खारेपाटाच्या टोकाकडील गावांपर्यंत कालव्यांचे काम वर्षानुवर्षे रखडले. वाशी खारेपाटात पिण्याच्या पाण्याचीही टंचाई राहिली. न मिळालेल्या पाण्याच्या हक्काने जमीन वाचली, असे म्हणता येईल. पुढच्या वेळी हा हक्क पुरेसा ठरेल याची शाश्वती नाही.

याचे कारण २०१३ च्या भूसंपादन कायद्यात आहे. त्याचे कलम १० अन्नसुरक्षेसाठी आहे आणि त्यातील पहिले, सर्वांत ठळक संरक्षण सिंचित बहुपीक जमिनीला आहे. अशी जमीन केवळ अपवादात्मक परिस्थितीत, शेवटचा उपाय म्हणून घ्यावी, असे ते सांगते. खारेपाटातील जमीन पावसाच्या पाण्यावर, एकाच पिकाची. कालवा आला असता तर काही भागात दुसरे पीक निघाले असते आणि ती जमीन या संरक्षणात बसली असती. कालवा आला नाही म्हणून ती बसत नाही. शासनाने जे काम पूर्ण केले नाही त्याच कामाच्या अभावामुळे जमीन कायद्याच्या दृष्टीने दुय्यम ठरते. प्रस्तुत लेखकाच्या मते पेणच्या उदाहरणातील हा सर्वांत गंभीर मुद्दा आहे. जमिनीचा दर्जा तिच्या सध्याच्या उत्पादनावरून ठरवणारे कोणतेही राष्ट्रीय धोरण या दुष्टचक्राला अधिमान्यता देईल. शिवाय महाराष्ट्राने २०१८ च्या दुरुस्तीने औद्योगिक कॉरिडॉरसारख्या प्रकल्पांना सामाजिक परिणाम मूल्यांकन आणि अन्नसुरक्षा या दोन्ही प्रकरणांतून सूट देण्याची वाट मोकळी केली आहे. कलम १० चे उरलेसुरले बळ त्यामुळे राज्याच्या मर्जीवर आले.

दरम्यान पेणवर हद्दी एकावर एक चढत गेल्या आहेत. १९९२ ची रायगड प्रादेशिक योजना, २०१३ मध्ये सिडकोकडे सोपवलेले नवी मुंबई विमानतळ प्रभाव अधिसूचित क्षेत्र, २०१९ मध्ये वाढवलेली मुंबई महानगर प्रदेशाची हद्द, विरार-अलिबाग मार्गिकेचे पेण तालुक्यातील बलवली हे टोक आणि २०२४ मध्ये उरण, पनवेल, पेण तालुक्यांतील १२४ गावांसाठी एमएमआरडीएकडे दिलेले कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर. प्रत्येकाचा नकाशा वेगळा, प्राधिकरण वेगळे. आपल्या सर्व्हे नंबरला आज कोणता नियम लागू आहे हे जाणण्यासाठी शेतकऱ्याला दलालाकडे जावे लागते. नियोजनाचा अभाव ही येथील अडचण नाहीच. नियोजन करणारे फार आहेत.

रोहा : वरच्या पाण्यावरची शेती

रोह्याची गोष्ट काही अंशी उलटी आहे. येथे शेतीला पाणी मिळाले, तेही दुसऱ्याच्या बुडालेल्या जमिनीतून. टाटा कंपनीच्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. तो अपयशी ठरला, मावळातील भातखाचरे पाण्याखाली गेली आणि पूर्वेकडे वाहणारे पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेस भिरा येथे वीजनिर्मितीसाठी सोडले गेले. वीजघर १९२७ साली सुरू झाले. तेथून सुटणारे पाणी कुंडलिकेत येते आणि डोलवहाल बंधाऱ्यावरून कालव्यांनी रोहा-माणगावच्या शेतीला मिळते. उन्हाळी भात त्यावरच उभा आहे. घाटावर एका शतकापूर्वी झालेल्या एका भूमी उपयोग बदलाने घाटाखाली दुसरा बदल घडवला. कोणत्याही तालुकास्तरीय वा जिल्हास्तरीय नियोजनात हा संबंध दिसत नाही, कारण मुळशी पुणे जिल्ह्यात आणि रोहा रायगडात. राष्ट्रीय, निदान खोरेनिहाय धोरणाची गरज सिद्ध करणारे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

याच कुंडलिकेकाठी धाटाव येथे औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे. तेथील कारखाने प्रामुख्याने रासायनिक आहेत. नदीच्या खालच्या भागातील मासेमारी व शेती यांना सांडपाण्याची झळ बसल्याच्या तक्रारी दीर्घकाळ होत आहेत. वसाहतीचे क्षेत्र नकाशावर एका रंगाचे, ठराविक हद्दीचे असते. तिचा परिणाम त्या हद्दीत राहत नाही. मसुद्यातील वर्गीकरण या बाबतीत भाबडे वाटते. जमिनीच्या एका तुकड्यावरील उपयोग दुसऱ्या तुकड्याचा उपयोग अशक्य करतो तेव्हा दायित्व कोणाचे, याविषयी त्यात ठोस काही नाही.

रोह्यात पुढचे बदलही बाहेरच्या निर्णयांवर लोंबकळत आहेत. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरच्या दिघी क्षेत्रासाठी रोहा, माणगाव, तळा परिसरात संपादनाची प्रक्रिया चालली. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिघी येथील ६,०५६ एकरांच्या औद्योगिक नगरीला मान्यता दिली. रोहा व मुरूड तालुक्यांतील गावांत औषध उद्यानाचा प्रस्ताव होता, त्याला ग्रामस्थांनी विरोध केला. केंद्राच्या योजनेत २०२२ साली निवड झाली ती गुजरात, हिमाचल प्रदेश व आंध्र प्रदेश यांची. एखाद्या गावातील भातजमीन भातजमीन राहील की नाही, हे दिल्लीतील स्पर्धेच्या निकालावर ठरावे, यात जमिनीच्या गुणधर्माचा विचार कोठेच येत नाही.

डोंगरउतारांविषयी येथे थोडक्यातच लिहितो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. वरकस जमिनीवरील गवत व पालापाचोळा राबासाठी लागतो. ती नसेल तर खालच्या खाचरातील भातशेतीची जुनी पद्धत चालत नाही. महसुली दप्तरात मात्र ती हलक्या प्रतीची जमीन असल्याने फार्महाऊसच्या सौद्यात तीच प्रथम जाते. कातकरी व ठाकूर समाजाच्या दळी जमिनींचा प्रश्न ब्रिटिश काळापासून रेंगाळला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतरही तो पूर्णपणे सुटलेला नाही. ‘पडीक’ हा शब्द राष्ट्रीय धोरणात किती जपून वापरावा लागेल, हे या दोन प्रकारांवरून ध्यानात यावे.

अधिकाराचा प्रश्न

जमीन हा राज्यसूचीतील विषय आहे, म्हणून केंद्राने धोरण करणे औचित्याला धरून नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. संपादन समवर्ती सूचीत आहे. १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्याचा आधार घेऊन केंद्राने १९९१, २०११ आणि २०१९ मध्ये किनाऱ्यावरील भूमी उपयोगाचे नियम थेट घातले. नागरी जमीन कमाल धारणा कायदा १९७६ साली राज्यांच्या ठरावांवरून संसदेने केला होता. तो केंद्राने १९९९ मध्ये रद्द केला आणि महाराष्ट्राने २००७ मध्ये ते रद्दीकरण स्वीकारले. म्हणजे केंद्र भूमी उपयोगाचे धोरण करीतच आले आहे, फक्त तुकड्यातुकड्यांनी: सेझच्या कायद्याने, महामार्गाच्या कायद्याने, कॉरिडॉरच्या मंजुरीने. रूपांतराला गती देणारे निर्णय बंधनकारक आणि रूपांतर थोपवणारे मसुदे मात्र सल्लावजा, अशी ही विषम रचना आहे. राज्याचे वर्तनही निराळे नाही. खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी बिगरशेती परवानगीची अट १९९४ मध्ये महाराष्ट्राने जमीन महसूल संहितेतून शिथिल केली आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांचा रोखही त्याच दिशेचा राहिला.

चीनने १८० कोटी मू, म्हणजे सुमारे १२ कोटी हेक्टर लागवडयोग्य जमिनीची किमान मर्यादा ठरवून ती प्रांतांवर बंधनकारक केली. तेथील राज्यव्यवस्था आपल्याला अनुकरणीय नाही, पण बंधन शेतकऱ्यावर नसून प्रांतिक शासनावर आहे, एवढा मुद्दा घेण्यासारखा आहे. नेदरलँड्समध्ये समुद्राकडून मिळवलेल्या जमिनीचे बांध राखण्यासाठी निवडून आलेली जलमंडळे आहेत, त्यांना कर बसवण्याचा अधिकार आहे. तेथे बांधाचा खर्च हा भूमी उपयोगाच्या खर्चाचाच भाग मानला जातो. आपल्याकडे खार जमीन विकास विभागाची तरतूद आणि प्रादेशिक योजनेचा हरित विभाग यांची कागदोपत्रीही भेट होत नाही.

अधिक जवळचे उदाहरण केरळचे आहे. २००८ च्या केरळ भातजमीन व पाणथळ जमीन संरक्षण कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायत क्षेत्रातील भातजमिनीची नोंदपेढी तयार करण्याचे आणि स्थानिक देखरेख समितीमार्फत तिचे रक्षण करण्याचे ठरवले. या कायद्यालाही २०१८ च्या दुरुस्तीने शुल्क भरून सूट मिळण्याची वाट ठेवली, त्यामुळे त्याचा आदर्श म्हणून गौरव करता येणार नाही. तरीही भात पिकवणे हा जमिनीचा स्वतंत्र, नोंदणीयोग्य आणि रक्षणीय उपयोग आहे, हे त्याने मान्य केले. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू आहे. प्रत्येक गटात कोणते पीक उभे आहे याची छायाचित्रासह नोंद होते. ती नोंद बांधांच्या स्थितीशी जोडली, तर खांड पडल्यावर किती क्षेत्र कोणत्या हंगामापासून लागवडीबाहेर गेले हे त्याच वर्षी कळेल आणि तिवर वाढण्यापूर्वी दुरुस्तीची मुदत ठरवता येईल. राष्ट्रीय धोरणाने राज्यांवर पहिले बंधन घालायचे असेल तर ते अशा मुदतीचे असावे. मुदतीत बांध दुरुस्त झाला नाही, तर ती जमीन संपादित झाल्याचे मानून खातेदाराला २०१३ च्या कायद्यानुसार मोबदला द्यावा लागेल, असे कलम त्यात असले पाहिजे. वढाव किंवा दादरच्या शेतकऱ्याला धोरणाचा फरक पडेल तो येथे.